तीन इंचांचे चार

दादा,

आज दुपारी तुमचा कॉम्प्युटर चालू केला. नऊ वर्षं तो आतल्या खोलीत आईच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला होता. आई म्हणाली, "भंगारवाला येऊन राहिला शुक्रवारी, देऊन टाकू. पण आधी त्यात काय हाय ते बघून घे." मी दोन दिवसांच्या सुट्टीवर औंढ्याला आलो होतो, करायला दुसरं काही नव्हतं. धूळ पुसली, तारा जोडल्या, बटण दाबलं. तो चालू होणार नाही अशी माझी खात्री होती, पण झाला. मीच कधीकाळी त्यात घालून दिलेलं हलकं लिनक्स मिनिटभरात उभं राहिलं आणि पडद्यावर तुम्ही लावलेला नागनाथाच्या देवळाचा फोटो आला. देऊळ आडवं पसरलं होतं. शिखर वरून दाबल्यासारखं बुटकं, खांब जाडजूड, पायऱ्यांवर बसलेली माणसं सगळी सुजल्यासारखी. मला आधी रागच आला. हा बिघाड मी माझ्या हातांनी दुरुस्त केला होता, आणि हाती घेतलेलं काम पुन्हा बिघडून समोर आलेलं मला आवडत नाही. ही सवय बापाकडून आलेली, तुमचीच.

तुम्हाला यंत्राचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं पटायचं नाही, म्हणून सांगतो. तुमचा मॉनिटर रुंद आहे. त्याच्यात आडवे तेराशे सहासष्ट ठिपके आहेत आणि उभे सातशे अडुसष्ट. कॉम्प्युटर त्याला आडवे एक हजार चोवीसच ठिपके पाठवत होता आणि मॉनिटर तेवढेच ताणून काठापर्यंत पोचवत होता. उभं माप जागेवर, आडवं एक तृतीयांशाने जास्त. सेटिंग उघडून पाहिली तर यादीत एक हजार चोवीसच्या वरचा आकडाच नव्हता. मॉनिटर आपण किती रुंद आहोत हे एका बारीक तारेतून कॉम्प्युटरला सांगत असतो. तुमच्या निळ्या टोकाच्या केबलमधली त्या तारेची पिन मोडलेली आहे. समोर कोण आहे हेच कळत नाही, मग कॉम्प्युटर अंदाजाने, कुठेही चालेल असं लहान माप धरतो. त्यावर मी अकरा वर्षांपूर्वी एका दिवाळीत आज्ञांच्या तीन ओळींचा इलाज केला होता. नवं माप तयार करायचं, ते यादीत घालायचं, मग पडद्याला लावायचं. त्या तीन ओळी एका फाइलमध्ये ठेवून, कॉम्प्युटर सुरू होताना ती आपोआप चालावी अशी सोय करून दिली होती. आज ती फाइल जागेवर सापडली. हाताने चालवून पाहिली. पडदा क्षणभर काळा झाला आणि देऊळ सरळ उभं राहिलं. म्हणजे इलाज शाबूत होता. बंद करून पुन्हा चालू केला, तर देऊळ परत बुटकं. मग सुरू होताना चालायच्या गोष्टींची यादी उघडली. माझी नोंद तिथे होती, 'पडदा' या नावाने, आणि तिच्यापुढची टिकची खूण काढलेली होती. त्या कॉम्प्युटरला हात लावणारे आपण दोघंच. मी ती काढलेली नाही.

यावरून जे समजलं ते समजायला मला तासभर लागला. त्याआधी अकरा वर्षं मी वेगळंच समजत होतो आणि लोकांना सांगतही होतो.

तुमचं दुकान मला आजही वासासकट आठवतं. देवळाच्या रस्त्यावरची छापखान्याची पत्र्याची खोली, आत शाईचा आणि रॉकेलचा वास, भिंतीला टेकवलेल्या खिळ्यांच्या, शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी पेट्या. घरी आई चुलीवर खळ शिजवते आहे, पाकिटं चिकटवायची खळ, आणि स्वयंपाकघरात फरशीभर लग्नपत्रिका पसरलेल्या आहेत. भाकरी झाल्या की ती त्यांना घड्या घालायला बसते. मी नववीत आहे. एका नामकरणाच्या पत्रिकेचा मजकूर मी लावला आहे आणि चौकट सरळ बसली आहे असं डोळ्यांनी बघून तुम्हाला सांगितलं आहे. तुम्ही दाराजवळच्या गिऱ्हाइकांसमोर माझी मान धरून मला चौकटीवर वाकवता आणि खिशातली पोलादी फूटपट्टी काढून तिच्या काठाला लावता. एका बाजूला एक सूत कमी आहे. "कशाने मोजलंस?" "डोळ्यांनी." "डोळा लबाड असतो. त्याला जे पाहिजे तेच त्यो बघतो. पट्टी लाव, मग बोल माझ्याशी." गिऱ्हाईक हसलं. तुम्ही हसला नाहीत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे मी त्या दिवशी शिकलो ते अजून विसरलो नाही, आणि मानेवरचा तुमचा हातही विसरलो नाही.

तुम्ही कौतुक कधी केलंच नाही. मी शहरात जाऊन पेपरात लागलो. माझी पहिली बातमी, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी न सुटल्याची, नावानिशी छापून आली तेव्हा मी तिचं कात्रण तुम्हाला पाठवलं. आठवड्याने ते पाकिटातून परत आलं. सात ठिकाणी लाल शाईने प्रूफाच्या खुणा केलेल्या होत्या. एक ऱ्हस्व, दोन अनुस्वार, एका ठिकाणी जागा जास्त सुटलेली. सोबत चिठ्ठी नव्हती. मी डेस्कवर बसून त्या सातही खुणा तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या. म्हणून तर जास्त लागलं.

खिळ्यांचा धंदा बसला तेव्हा तुम्ही साठीला आला होता. तरी कॉम्प्युटर शिकलात. छपाई हिंगोलीच्या ऑफसेटवाल्याकडे, मजकूर जुळवणं तुमच्याकडे. मशीन रखडायला लागल्यावर मीच ते हलकं लिनक्स घालून दिलं. जुना जाड मॉनिटर गेल्यावर तुम्ही हिंगोलीहून हा रुंद मॉनिटर आणलात आणि जुन्याच केबलने जोडलात. चित्र ताणलेलं दिसलं असणारच. तुम्ही मला फोन केला नाहीत. दोन वर्षं कोणालाही काही न सांगता त्या ताणलेल्या पडद्यावर तुम्ही पत्रिका जुळवल्यात आणि एकही चुकली नाही. ती कशी चुकली नाही हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

मग ती दिवाळी. मी घरी आलो, तुमच्या पडद्यावर एक नवरदेव पाहिला, भोपळ्यासारख्या तोंडाचा, आणि मला हसू आलं. "दादा, हे असं काहून ठेवलंय?" तुम्ही म्हणालात, "चालतंय की. मला तकलीफ न्हाई त्याची." मी तुम्हाला खुर्चीवरून उठवलं. अर्ध्या तासात त्या तीन ओळी लिहिल्या. नवरदेव सडपातळ झाला. आई कौतुकाने बघायला आली, शेजारच्या दुकानातला फोटोवालाही आला. तुम्ही मागे उभे होता, फूटपट्टी हातात धरून. तुम्ही ती काचेला लावायला पुढे झालात तेव्हा मी म्हणालो, "काच ओरखडेल, दादा." तुम्ही हात मागे घेतलात. मला चारच्या गाडीने परत जायचं होतं.

तुमचा फोन आला तो मार्गशीर्षात, संध्याकाळी, पेपरचं पान छपाईला सोडायच्या वेळेला. माझ्या समोर अर्धं पान रिकामं, कानाला फोन, आजूबाजूला चार सहकारी. तुम्ही म्हणालात, "आडवं माप बसंना गेलंय. इंच बदलला का रे?" मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "इंच कधी बदलतो का दादा? पडदा आता बरोबर आहे, चुकीचा होता तो आधी. तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा." मग तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. मी तो प्रश्न डेस्कवर सांगितला. सगळे हसले. पुढे कितीतरी दिवस एखाद्या बातमीची जागा कमी पडली की कोणीतरी मला विचारायचं, "काय, इंच बदलला का?" मीही हसत असे.

तुम्ही आयुष्यात कोणाचं ऐकलं नाहीत. माझं तेवढं एकदा ऐकलंत.

पुसेगावकडच्या एका बड्या शेतकऱ्याच्या मुलीची पत्रिका होती. डावं पान जुन्या नमुन्यावरून, आणि उजव्या पानावर घरातल्या बावीस जणांची नावं, प्रत्येकापुढे त्याचं पद. उजवं पान तुम्ही नव्याने आखलंत, तीन इंच रुंद. प्रूफ काढलंत, मुलीच्या बापाने ते अक्षर न् अक्षर वाचलं, सही केली. मोठ्या कागदावर होतं, रुंदी कोणाच्या लक्षात येणार? ऑफसेटवाल्याने ते तसंच तयार कार्डावर घेतलं आणि कापलं. तुमच्या फाइलला त्याने कधी पट्टी लावलीच नव्हती. लावायची गरज नसते, असं तो चारचौघांत सांगायचा. तीन इंचांचं पान चार इंच झालं होतं, आणि शेवटचा इंच कापाखाली गेला.

पुढचं मी आईकडून ऐकलं. मंगळवारी भर बाजारात मुलीचा बाप पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला. "प्रेसवाले, वाचा हे." तुम्ही वाचलंत. "आमच्या थोरल्या काकाला नुसतं 'माजी' करून ठेवलं तुमी. सरपंच कुठं गेला? माजी काय मग, माजी माणूस? आन् हे बघा, पोलीस पाटलाचा पोलीस केला. ऐंशी वर्षांचं म्हातारं, आता भरती करता का त्याला?" बाजारातली माणसं दारात जमली होती, ती हसली. तुम्ही पत्रिका टेबलावर ठेवून तिला फूटपट्टी लावलीत, एकदा या बाजूने, एकदा त्या. "पुन्हा छापून देतो," म्हणालात. "मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबून राहिला व्हय? निम्म्या वाटून झाल्या." मग तो माणूस नरमला, आणि जाताना जे बोलला त्याने दुकान संपलं. "डोळे दाखवा कोणाला तरी, प्रेसवाले. वय झालं." तो शब्द औंढ्यात आणि आजूबाजूच्या गावांत पसरला. प्रेसवाल्याचे डोळे गेले. मीही फोनवर आईला तेच म्हणालो. "मी तर आधीच सांगितलं होतं त्यांना," असंही म्हणालो.

आईने तुम्हाला तपासणीला नेलं. त्या वयात प्रत्येकाला असतो तसा थोडा मोतीबिंदू निघाला, आणि सगळ्यांचं समाधान झालं. दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. मी आलो होतो. डोळ्यावर पट्टी, तुम्ही पलंगावर सरळ पडलेले, हात छातीवर. मी म्हणालो, "आता स्पष्ट दिसेल, दादा." तुम्ही म्हणालात, "दिसतंय." पट्टी सुटायच्या आधी. मला ते औषधाच्या गुंगीतलं बोलणं वाटलं.

दुकान पुन्हा उघडलं नाही. मी निघताना तुम्ही फूटपट्टी मला दिलीत, त्याच वाया गेलेल्या एका पत्रिकेत गुंडाळून. "मला आता काय कामाची. तू ठेव. खुणा हायेत तिच्यावर, कामातून सवड भेटली तर बघ." मला तो टोमणा वाटला. कामातून सवड, हे शब्द तुम्ही मुद्दाम वापरलेत असं वाटलं. म्हणून मी ती नेलीच नाही, फडताळात ठेवून गेलो. पुढे दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हाही तिची आठवण झाली नाही.

आज ती टिक काढलेली दिसल्यावर मी तारीख पाहिली. ती यादी शेवटची बदलली गेली ती त्या बाजारच्या मंगळवारानंतर नवव्या दिवशी. त्याच दिवशीची आणखी एक फाइल तुमच्या फोल्डरमध्ये होती, 'इंच' नावाची. उघडली. एका पानावर दोन चौकटी, एक लहान, एक मोठी. खाली तुमच्या नेहमीच्या टायपात दोन ओळी. "नव्या पडद्यावर आखलेले ३, कागदावर ४. जुन्या पडद्यावर आखलेले ३, कागदावर ३." नवा म्हणजे मी सरळ केलेला, जुना म्हणजे त्याआधीचा ताणलेला. बाकी काही नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती पट्टी आई वड्या कापायला वापरते, हे मला माहीत होतं. "वड्याची पट्टी काहून पाहिजे तुला?" आईने विचारलं. मी काहीतरी सांगून ती खिडकीत नेली. एका काठावर तुम्ही कानशीने बारीक खुणा केलेल्या आहेत, दर दीड इंचाला एक, आणि टोकाला 'आ' कोरलेला आहे. दुसऱ्या काठावर दर एक इंच एक सुताला खूण, टोकाला 'उ'. आडवं आणि उभं. त्या ताणलेल्या पडद्यावर कागदावरचा एक इंच आडवा दीड इंच दिसायचा आणि उभा एक इंच एक सूत. तुम्ही पडदा बदलायला गेला नाहीत, त्याच्यासाठी वेगळा इंच बनवलात आणि दोन वर्षं त्याने बिनचूक काम केलंत. मी पडदा सरळ केला आणि तुमचा इंच खोटा पडला, त्याचे आडवे तीन कागदावर चार भरायला लागले. तुम्ही मला नेमकं तेच विचारलं होतं. इंच बदलला का रे? बदलला होता, दादा. मीच बदलला होता.

आता मला जे म्हणायचं आहे ते कडू आहे, पण ते म्हटल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. नवव्या दिवशी तुम्हाला सगळं कळलं होतं. डोळे शाबूत आहेत हेही, चूक कोणाची हेही. आणि ते माहीत असून तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पडलात. लोक म्हणाले डोळे गेले, तुम्ही म्हणू दिलंत. आईने देवाला हात जोडले, जोडू दिलेत. ऱ्हस्वाची एक चूक तुम्ही सोडली नाहीत, माझ्या पहिल्या बातमीवर सात लाल खुणा केल्यात, आणि आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी चूक तुमच्या हातात आली तेव्हा पेन खाली ठेवलंत. हे प्रेम होतं असं मी मानलं तर मला बरं वाटेल, आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही. कदाचित शिकलेल्या पोराने दुकान बुडवलं असं गावाने म्हणण्यापेक्षा डोळे गेले असं म्हटलेलं तुम्हाला परवडलं. कदाचित मी पुन्हा हसेन असं वाटलं. एक शब्द बोलला असतात तर मी त्या मुलीच्या बापाकडे जाऊन उभा राहिलो असतो. असं आज मी लिहितो आहे. तेव्हा खरंच गेलो असतो का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि प्रूफाला पट्टीही तुम्ही लावली नाहीत. कागदावर लावली असतीत तर तिनाचे चार तिथेच दिसले असते. काचेवर मोजलं म्हणून कागदावर मोजलं नाहीत. इतकी एक चूक तुमच्याही नावावर आहे. ती मी इथे लिहून ठेवतो, कारण तुम्हीही लिहिली असतीत.

आई अजून म्हणते, "म्या आधी नेलं असतं ना डोळ्याला दाखवायला, तर दुकान राहिलं असतं त्यांचं. भाकरीतून उठणं झालं न्हाई माझं." दर वेळी मी घरी आलो की एकदा तरी म्हणते. अकरा वर्षं मी तिला सांगतो, जाऊ दे, तुझी काय चूक. तेव्हा मला ते मोठेपणाचं वाटायचं.

हे पत्र तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही ते वाचणार नाही. जिने वाचायला पाहिजे ती आत बसून तूर निवडते आहे. तिला वाचता येतं. माझी प्रत्येक बातमी ती चष्मा लावून वाचते. मघाशी तिने आतून विचारलं, "काय बिघडलं होतं रे त्यात?"

मी म्हणालो, "काही नाही. तार खराब होती."

ते खोटं नाही. मी पट्टी धुऊन पुन्हा तिच्या जागेवर ठेवली आहे.